अडलेली हालचाल

आमच्या धंद्यात माणसाला सरळ प्रश्न विचारणं हा शेवटचा उपाय समजतात. "तुम्हाला काय हवंय?" असं विचारलं की माणूस तुम्हाला आवडेल ते उत्तर देतो आणि वर चहा देतो. वीस वर्षं मी लोकांच्या स्वयंपाकघरांत, दुकानांत, गोठ्यांत कोपऱ्यात स्टूल टाकून बसत आले आहे. काय बनवायचं हेच जेव्हा कुणाला ठाऊक नसतं, तेव्हा कंपनी आम्हाला पाठवते. आम्ही बघायचं, टिपायचं आणि ऑफिसातल्या डिझाइनरांना काहीतरी सुचेल एवढा ऐवज घेऊन परत यायचं. ह्याला आम्ही शोधभेट म्हणतो.

चिंचवडच्या एका बाईंनी मला चार तास पटवून दिलं होतं की त्यांच्या मिक्सरची काहीच तक्रार नाही. चारही तास त्यांचा डावा तळवा त्या मिक्सरच्या झाकणावर होता, कारण नाहीतर ते उडायचं. त्यांना ते जाणवतही नव्हतं. त्या तळव्यातून आमच्या कंपनीचं सगळ्यात जास्त खपलेलं झाकण निघालं आणि मला बढती मिळाली. तेव्हापासून मी तोंडावर विश्वास ठेवत नाही, हातावर ठेवते. ही गोष्ट त्या विश्वासाची आहे, आणि ती सांगताना मला माझीच लाज वाटते.

माझ्या वडिलांना, अण्णांना, मार्चच्या पहिल्या आठवड्यात पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. अण्णा बत्तीस वर्षं विट्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. त्या काळी गाड्यांची घोषणा अजून माणूस करायचा. "फलाट क्रमांक तीनवर लागलेली विटा-सांगली गाडी तासगावमार्गे जाईल" हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की घरी आईला हाक मारतानाही त्यांचा सूर तसाच लागायचा. तालुक्यातले निम्मे लोक त्यांना चेहऱ्याने ओळखत नसत, आवाजाने ओळखत.

त्या आवाजातला एकच शब्द उरला होता. हो.

"अण्णा, पाणी हवंय?"

"हो."

"नकोय?"

"हो."

सांगलीच्या डॉक्टरांनी समजावलं की हा 'हो' म्हणजे होकार नव्हे. भाषेचा सगळा डोलारा कोसळला, त्यात एक वीट हाताशी राहिली, तीच ते प्रत्येक वेळी पुढे करतात. डावा हात हलतो, पण मनात आलेलं नेमकं करून दाखवणं त्याला जमत नाही. पेला दिला तर धरतील, पण खूण करता येणार नाही. आतून सगळं कळतंय का, ह्यावर डॉक्टर म्हणाले, "बहुतेक कळतंय." ह्या 'बहुतेक'ने माझी झोप उडवली. कळत असलेला माणूस आत कोंडलेला होता, त्याला काय हवंय ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते शोधून काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता.

मी पुण्याहून सुट्टी काढून विट्याला येऊन राहिले. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. अण्णांना उठवण्या-बसवण्यासाठी शालनमावशी होत्या, साठीच्या, आधी दोन म्हाताऱ्यांची सेवा केलेल्या. आणि मग मला 'चाहूल' आठवलं.

चाहूल हा आमच्या कंपनीचा मनगटावरचा पट्टा. हात हलायच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत त्या हालचालीची तयारी सुरू होते. तिथून निघालेला हुकूम पाठीच्या कण्यातून, खांद्यातून, हातातल्या नसांपर्यंत विजेच्या बारीक लहरींनी येतो. पुष्कळदा आपण ऐन वेळी थांबतो: तापलेलं झाकण उचलायला निघालेला हात मागे येतो, पाहुण्यांसमोर खाजवायला निघालेली बोटं मिटतात. हात हललेला दिसत नाही, पण हुकूम नसांत येऊन गेलेला असतो. चाहूल तो टिपतं आणि आमच्याकडच्या अकरा लाख नोंदींशी ताडून सांगतं की ही हालचाल कसली व्हायची होती. ह्याला आम्ही अडलेली हालचाल म्हणतो. जिथे लोकांचे हात सारखे अडतात, तिथे नव्या वस्तूला जागा असते. शेहेचाळीस घरांत आम्ही हे पट्टे बांधले होते आणि डिझाइनर खूश होते.

पक्षाघातात हुकूम निघतो, पण वाटेतल्या बहुतेक तारा तुटलेल्या असतात. थोड्या उरतात. त्यातून जे झिरपतं त्याने स्नायू हलत नाही, पण चाहूलला ते ऐकू येऊ शकतं. मात्र मुदत असते. मेंदूत वापरात नसलेली जागा रिकामी राहत नाही, शेजारचे भाग ती बळकावतात. डॉक्टरांच्या अंदाजाने तीन महिन्यांत ती कुजबुज विझणार होती. मी हे सगळं जुळवेपर्यंत चौथा आठवडा लागला होता.

निरंजन बेलसरे आमच्या विभागाचा प्रमुख. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, हुशार, आणि चांगली कल्पना दिसली की डोळे लकाकणारा. तो फोनवर म्हणाला, "गौतमी, पट्टे देतो. पण घरच्या वापराला देता येत नाहीत, अण्णांना अभ्यासात घ्यावं लागेल. सहभागी क्रमांक सत्तेचाळीस. संमती लागेल."

"त्यांना बोलता येत नाही."

"काही म्हणतात का?"

"हो म्हणतात."

"चालेल," तो म्हणाला. दोघांनाही ठाऊक होतं की नवख्या पोरीने असली संमती आणली असती तर तिला आम्ही घरी पाठवलं असतं. मग मी कंपनीचा टॅब अण्णांच्या तोंडाशी धरला. टॅबने विचारलं, "ह्या अभ्यासात भाग घ्यायला आपली संमती आहे का?" अण्णा म्हणाले, "हो." हिरवी खूण उमटली.

गुरुवारी दुपारी उजव्या हाताचा पट्टा आला आणि मी तो चार वाजता बांधला. डाव्या हाताचा पार्सलवाल्याने साताऱ्यातच उतरवला होता, तो शुक्रवारी दुपारी आला. डावा हात चांगला, म्हणून तो नमुन्यासाठी. अण्णांच्या हातांची वळणं त्यावरून यंत्राला शिकायची होती. दोन्ही पट्टे पाण्याने बिघडत नाहीत, अंगाच्या उबेवर चालतात, त्यामुळे काढायची गरज नव्हती.

"ह्ये पट्टं काचत न्हाईत व्हय ओ ताई?" शालनमावशींनी विचारलं.

"नाही हो. मऊ आहेत. आणि मावशी, एक लक्षात ठेवा. आपण त्यांना काही सुचवायचं नाही, मदत करायची नाही, आपला अंदाज बोलून दाखवायचा नाही. मधे बोललं की मोजमाप बिघडतं."

"बरं," मावशी म्हणाल्या.

हा आमचा कडक नियम आहे. माणूस अडला की बघणाऱ्याचा हात पुढे जातो आणि नेमकी अडचण पुसली जाते. म्हणून अडू द्यायचं, बघत राहायचं. मी नव्या मुलांना शिकवताना त्यांना स्वतःच्या हातांवर बसायला लावते. दुसरा नियम असा की पट्टा बांधल्यापासूनचे पहिले दोन दिवस सोडून द्यायचे. माणूस पट्ट्याला रुळलेला नसतो, नोंदी भलत्याच येतात. ते दोन दिवस यंत्र आपणहून बाजूला टाकतं आणि कुणी ते उघडत नाही.

रविवारी सकाळी पहिला खरा तक्ता आला आणि मी चहाचा कप तसाच ओट्यावर ठेवून पलंगाशी धावले. दोनशे बारा अडलेल्या हालचाली. अण्णांचा लुळा, उशीवर मांडून ठेवलेला उजवा हात दिवसातून दोनशे बारा वेळा काहीतरी करायला निघत होता. आणि दोनशे बाराही वेळा तीच एक हालचाल: अंगठा आणि पहिलं बोट ह्यांची चिमूट, एक ओढ, मग सैल सोडणं. यंत्राने पर्याय दिले होते. घड्याळाचा पट्टा एकसष्ट टक्के, नाडीची गाठ बारा, पिशवीची चेन नऊ, आणि मग किरकोळ.

मी रडले. चार आठवड्यांत पहिल्यांदा माझे वडील माझ्याशी काहीतरी बोलत होते.

त्यानंतरचे दिवस मी ताटावर काढले. आमची ही जुनी पद्धत आहे: माणसापुढे वस्तू मांडायच्या आणि हात कुठे वळतो ते बघायचं. रोज दुपारी आईच्या मोठ्या स्टीलच्या ताटात मी चिमटीत धरून ओढण्यासारखं काहीबाही मांडायचे. पायजम्याची नाडी. तपकिरीची डबी. स्टँडवरच्या वेळापत्रकाची दोऱ्याने बांधलेली जुनी वही. शिट्टीची दोरी. पाटावर बसून मी एकेक वस्तू उचलायचे आणि टॅबकडे बघायचे.

"हे का, अण्णा?"

"हो."

आकडा तसूभर हलायचा नाही. दोनशे पाच. एकशे अठ्ठ्याण्णव. ओढीचा जोरही रोज बारीक होत चालला होता. तक्त्यावर त्याची एक निळी रेघ असे आणि ती उताराला लागली होती. मी आठवडे मोजत होते, मग दिवस मोजायला लागले. मावशी म्हणाल्या, "डावा हात सारका पलंगाच्या पट्टीला घासत्यात. बघा की जरा." मी बघितलं. खरंच, डावं मनगट ते लोखंडी पट्टीवर पुढेमागे घासत होते. मी वहीत लिहिलं, 'डावा हात: अस्वस्थ, हेतूशून्य हालचाल.' आणि कातडी सोलवटू नये म्हणून त्या पट्टीला स्पंज गुंडाळून वर सुती कापड शिवून टाकलं. निरंजनला फोटो पाठवला तर तो म्हणाला, "वा, ह्याचाही प्रॉडक्ट होऊ शकतो."

आठव्या आठवड्यात मला घड्याळ सापडलं.

यंत्र पहिल्या दिवसापासून घड्याळ म्हणत होतं, पण अण्णांचं घड्याळ निवृत्तीनंतर कुठे गेलं ते कुणाला ठाऊक नव्हतं. ते आईच्या शिवणाच्या डब्यात तळाशी होतं. किल्लीचं, पांढऱ्या तबकडीचं, चामड्याचा पट्टा वाळून कडक झालेला. हातात घेतलं आणि मला सगळं आठवलं. अण्णा ड्यूटीवरून घरी आले की चपला काढायच्याही आधी दारातच डाव्या मनगटावरचं घड्याळ सोडायचे. उजव्या हाताची चिमूट, एक ओढ, सैल. मग ते कोनाड्यात ठेवायचे आणि म्हणायचे, "सुटलो." मी लहान असताना ते घड्याळ त्याच्या वासासाठी हुंगत असे.

माणसाला घरी आल्यासारखं वाटायला हवं होतं. एवढंच हवं होतं. मला ते अगदी स्पष्ट दिसलं. मी त्या पट्ट्याला तेल लावून तो मऊ केला, किल्ली दिली आणि अण्णांच्या डाव्या मनगटावर, चाहूलच्या जरा वर, घड्याळ बांधलं.

टॅबवरचा आकडा उसळला. एका तासात चाळीस. त्या दिवशी तीनशे एक्केचाळीस. अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"हेच ना अण्णा? हेच हवं होतं ना?"

"हो," अण्णा म्हणाले. "हो. हो. हो."

मी त्यांचे डोळे पुसले आणि बाहेर येऊन निरंजनला फोन लावला. तो ऑफिसात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. शोधभेटीतून माणसाची हरवलेली इच्छा सापडली, ह्यावर तो कंपनीत भाषण करणार होता. परत आत गेले तेव्हा मावशी पलंगाजवळ उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं त्यांनाही भरून आलंय.

तीन आठवडे मी घड्याळाला रोज किल्ली दिली. अण्णांचं जेवण कमी होत गेलं. निळी रेघ पार तळाला आली. हालचाली अजून होत होत्या, पण इतक्या क्षीण की यंत्र प्रत्येकीपुढे प्रश्नचिन्ह काढायचं. मी मनाची समजूत घालत होते की निदान आपण वेळेत पोचलो.

अकराव्या आठवड्यात मी औषधं आणायला सांगलीला गेले होते. परतीच्या बसमध्ये टॅब उघडला तर सकाळी दहापासून उजव्या हाताची रेघ सपाट. एकही हालचाल नाही. संपलं, मी नसताना संपलं. स्टँडवर उतरले तेव्हा वर यंत्राचा गोड आवाज गाड्या सांगत होता आणि मी रिक्षासाठी धावत होते.

घरी अण्णा शांत झोपलेले. डावं मनगट उघडं. त्यावर पट्ट्याच्या रुंदीचा लालभडक वळ, त्याला खोबरेल लावलेलं. पट्टा आणि घड्याळ खिडकीत.

"मावशी, हे कुणी काढलं? काय केलंत हे? मी सांगितलं होतं ना?" मी नको इतक्या मोठ्याने बोलले.

"पुरळ आलं व्हतं वं ताई. चिघळलं असतं."

अण्णा जागे झाले. मी डावा पट्टा उचलला, त्यांच्या मनगटाभोवती घेतला आणि बक्कल आवळलं. टॅब पलंगावरच पडलेला होता. बक्कल आवळल्या क्षणी त्यावर टिंब उमटलं. चिमूट, ओढ, सैल. मी पट्टा सोडला. रेघ सपाट झाली. परत बांधला. टिंब. अगदी फिकट, प्रश्नचिन्हासकट, पण टिंब.

मी पलंगाच्या कडेवर बसून राहिले.

"ते काढा म्हणत्यात," मावशी हळूच म्हणाल्या. "मला वाटलं तुमास्नी म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"पयल्यापास्नं. ह्यो दुसरा पट्टा आला त्या दिसापास्नं. पट्टीला घासत व्हते न्हवं का, त्ये त्यासाठीच. त्यात तुमी घड्याळ बांधलासा."

"मग बोलला का नाहीत?"

मावशींनी पदराला हात पुसले. "तुमीच म्हणलासा, मधी बोलायचं न्हाई. मोजमाप बिघडतंय."

शेहेचाळीस घरांत कुणालाही पट्टा नकोसा झाला की तो दुसऱ्या हाताने बक्कल सोडून काढत असे. म्हणून ती हालचाल कधी अडलीच नव्हती. उलट आमच्याच पट्ट्याचं बक्कल सोडणं ही आमचीच भेसळ, म्हणून आम्ही ती नमुन्यांतून वगळली होती. यंत्राच्या अकरा लाख नोंदींत ते नव्हतंच. त्यातल्या त्यात जवळचं म्हणून ते बिचारं घड्याळ म्हणत राहिलं. सत्तेचाळिसाव्या माणसाला दुसरा हात नव्हता. हे कळायला शास्त्र लागत नव्हतं. मनगटाकडे बघावं लागत होतं, आणि मी टॅबकडे बघत होते.

मी दोन्ही पट्टे काढले. मग वीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. टाकून दिलेले पहिले दोन दिवस उघडले.

गुरुवारी चार ते शुक्रवारी दुपारी बारा वीस. वीस तास अण्णांच्या अंगावर एकच पट्टा होता, उजवा, लुळ्या हातावरचा. त्या वीस तासांत एक्केचाळीस अडलेल्या हालचाली होत्या आणि जवळजवळ सगळ्या वेगवेगळ्या. पांघरूण ओढणं. नाक पुसणं. पाच बोटांनी घास कालवणं, बरोबर मावशी त्यांना चमच्याने भरवत होत्या तेव्हा. सकाळी सव्वासातला एक चमत्कारिक नोंद: मूठ तोंडाजवळ, अंगठ्याने खटका दाबणं. यंत्राने लिहिलं होतं, 'बॅटरी अथवा फवारणीचा डबा.' मला यंत्राची गरज नव्हती. सव्वासातला पहिली सांगली गाडी सुटायची आणि अण्णा माइकचा खटका दाबायचे.

आणि गुरुवारीच, संध्याकाळी पाच चाळीस. सपाट तळवा, बोटं सैल, मागून पुढे, सावकाश. सात वेळा. यंत्राचा अंदाज: 'जनावर गोंजारणे, कापड सारखे करणे.'

मी माझी वही काढली. गुरुवार, पाच चाळीस. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'पलंगाशेजारी जमिनीवर बसून पट्टा टॅबला जोडला. जोडणी नीट. सहभागी शांत.' मी पलंगाला पाठ लावून बसले होते. माझं डोकं त्यांच्या उजव्या हाताच्या अगदी कडेला होतं.

शुक्रवारी बारा वीसला डावा पट्टा. बारा एकवीसला पहिली चिमूट. त्यानंतर शेवटपर्यंत दुसरं काहीही नाही. तुटक्या तारांतून जेवढं थोडं झिरपत होतं, तेवढं सगळं ते माझा पट्टा काढण्यासाठी खर्च करत होते. सात आठवडे.

संध्याकाळी मी निरंजनला सगळं सांगितलं. लपवलं नाही. मला वाटलं, ह्यालाही लागेल.

"गौतमी, तुला वाईट वाटणं मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण हे सोनं आहे. आपल्या पट्ट्याचा त्रास होतो हे कुणी कधी सांगितलंच नसतं. पुढचा पट्टा आपण बिनबक्कलाचा करू. कातडीसारखा पातळ. बांधलाय हे माणसाला कळणारच नाही. मला सत्तेचाळीसची पूर्ण फाइल हवी, पहिल्या दोन दिवसांसकट."

"बांधलाय हे कळणारच नाही," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली."

मी फोन ठेवला. ती फाइल मलाच कुणाहीपेक्षा जास्त हवी होती. पाच चाळीसच्या त्या सात रेघा जगात फक्त तिथेच होत्या. अण्णांच्या हातात त्या आता नव्हत्या, निळी रेघ विझत आली होती, आणि माझ्या डोक्याला तर त्या कधी कळल्याच नव्हत्या. ती माझ्याकडे ठेवून कंपनीला नाही म्हणायची सोय नव्हती. सगळं कंपनीच्या साठ्यात होतं, मी फक्त बघू शकत होते. एकच वाट होती. कुठलाही सहभागी कधीही संमती मागे घेऊ शकतो, आणि घेतली की त्याचं सगळं पुसलं जातं. दोन दिवस धरून. सात रेघा धरून.

मी त्या रेघा आणखी एकदा बघितल्या. फोटो काढायला मोबाइल हातात घेतला आणि खाली ठेवला. अण्णांना न विचारता त्यांचं पुष्कळ घेऊन झालं होतं.

टॅब मी त्यांच्या तोंडाशी धरला. टॅबने विचारलं, "आपण आपली संमती मागे घेऊ इच्छिता का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की ह्यांनी दुसरं काही म्हणावं.

"हो," अण्णा म्हणाले.

हिरवी खूण उमटली. ज्या होकारावर त्यांना आत घेतलं होतं, त्याच होकारावर ते बाहेर पडले, आणि निरंजनला त्याविरुद्ध एक अक्षर काढता येणार नव्हतं. पडद्यावर 'सहभागी क्रमांक ४७: नोंद नाही' एवढं राहिलं. मावशी दारात उभ्या होत्या. त्या चहा टाकायला गेल्या.

मी पलंगाशेजारी जमिनीवर बसले, गुरुवारी बसले होते तिथेच, पाठ पलंगाला लावून. थोड्या वेळाने मागे हात नेऊन अण्णांचा उजवा हात उशीवरून उचलला. तो जड होता आणि गार होता. मी तो माझ्या डोक्यावर ठेवला.

हात घसरून खाली आला. मी तो उचलून परत ठेवला.